पाणी जास्त म्हणजे लेन्स भारी?

वाचक विचारतात : सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स कशाची घ्यावी

मागच्या अंकात सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स घालण्या-काढण्याबद्दल दोन पानांचे टिपण छापले होते. त्यावर सातारा-सांगलीकडून जी पत्रे आली, त्यांतल्या बहुतेकांना घालायचे कसे यापेक्षा घ्यायचे काय हे हवे आहे. पाकिटांवर टक्के आणि आकडे असतात, शेवटी ‘फिल्कॉन’ येणारी अगम्य नावे असतात, आणि दुकानदार त्यातला सोयीचा एक आकडा पुढे करतो. काही पत्रे थोडी छाटून उत्तरांसह देत आहोत.

मुलगी कॉलेजला जाते, दोन्ही डोळ्यांना मायनस साडेतीन. एका दुकानात ३८ टक्के पाण्याची, वर्षभर चालणारी लेन्स दाखवली. दुसरीकडे ५९ टक्के पाण्याची, महिन्याची. ‘पाणी जास्त, लेन्स भारी’ म्हणाले. तिसऱ्याने सिलिकॉनची महाग लेन्स काढली, तर तिच्यावर पुन्हा पाणी ३८ टक्केच. मग जास्तीचे पैसे कशाचे? – वाचक, पलूस

दुसऱ्या दुकानदाराचे अर्धे बरोबर आहे. उरलेले अर्धे त्याने सांगितले नाही.

बुबुळावरच्या पारदर्शक काचेला, म्हणजे कॉर्नियाला, रक्तवाहिन्या नसतात. जागेपणी तिला लागणारा ऑक्सिजन थेट हवेतून, अश्रूंमध्ये विरघळून मिळतो. त्या वाटेत आपण लेन्स ठेवतो. जुन्या पद्धतीच्या सॉफ्ट लेन्सचे प्लास्टिक म्हणजे हेमा या रसायनापासून केलेले, पाणी धरून ठेवणारे हायड्रोजेल. चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांनी ते घडवले आणि १९६१ च्या नाताळात घरच्या घरी, मुलांच्या लोखंडी पट्ट्यांच्या खेळण्यातून उभ्या केलेल्या यंत्रावर साचा गरगर फिरवून त्याच्या लेन्स काढल्या. अमेरिकेत या जातीच्या लेन्सला १९७१ मध्ये परवानगी मिळाली. या हायड्रोजेलमध्ये ऑक्सिजन पुढे सरकतो तो त्यातल्या पाण्यातून. प्लास्टिकचा त्याला फारसा उपयोग नाही. म्हणून पाणी वाढले की पदार्थातून ऑक्सिजन जास्त जातो, इथपर्यंत दुकानदार खरा.

राहिली ती जाडी. जास्त पाण्याचा पदार्थ लिबलिबीत असतो, पातळ केला तर फाटतो आणि लवकर सुकतो. म्हणून तो जाड करावा लागतो. पदार्थाची ऑक्सिजन सोडण्याची क्षमता ‘डीके’ या आकड्यात देतात. डीकेला मिलिमीटरमधल्या जाडीने भागा आणि उत्तराला पुन्हा दहाने भागा. प्रत्यक्ष लेन्समधून किती ऑक्सिजन जातो ते हाती येते. ३८ टक्केवाल्या पदार्थाचा डीके साधारण ८.४. लेन्स ०.०३५ मिमी जाडीची असेल तर उत्तर २४, तीच ०.०६ मिमीची केली तर १४. ५९ टक्केवाल्या पदार्थाचा डीके २२, पण लेन्स ०.१४ मिमी जाड; उत्तर जेमतेम १६. म्हणजे ‘भारी’ लेन्स पातळ ३८ टक्केवालीच्याही मागे पडली. ५८ टक्के पाण्याचा एटाफिल्कॉन ए नावाचा पदार्थ आहे, डीके २८, जाडी ०.०८४, तो ३३ पर्यंत जातो.

आता गरज किती? दिवसा घालून रात्री काढायच्या लेन्सला किमान २४ हवेत, असे होल्डन आणि मर्ट्झ या संशोधकांनी १९८४ मध्ये मांडले. पुढे १९९९ मध्ये हार्विट आणि बोनॅनो यांनी नव्या हिशेबाने तो आकडा ३५ वर नेला.

सिलिकॉन हायड्रोजेलमध्ये गणित उलटे फिरते. तिथे ऑक्सिजन सिलिकॉनमधूनच जातो. पाणी असते ते लेन्स मऊ राहावी आणि डोळ्यावर सरकावी म्हणून. तिसऱ्या दुकानातली ३८ टक्केवाली बहुधा सेनोफिल्कॉन ए असावी. तिचा डीके १०३, जाडी ०.०७, उत्तर १४७. पाणी तेवढेच, ऑक्सिजन सहा ते दहा पट. जास्तीचे पैसे त्याचे.

हे सगळे आकडे मायनस तीन नंबरच्या लेन्सच्या मधोमध मोजलेले असतात. तुमच्या मुलीला ते जवळपास लागू पडतील. मायनस आठवाल्याच्या लेन्सची कड मात्र मधल्यापेक्षा कितीतरी जाड असते, आणि प्लस नंबरवाल्याची मध्यभागीच जाड. अशांनी पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नये, थेट सिलिकॉनकडे जावे.

मुलगी रोज आठ-दहा तास लेन्स घालणार असेल तर सिलिकॉन हायड्रोजेलची पंधरवड्याची किंवा महिन्याची लेन्स घ्या. आठवड्यातून दोनदाच, लग्नकार्याला किंवा सामन्यापुरती घालणार असेल तर रोज नवी उघडून टाकून द्यायची लेन्स घ्या. तिथे साधे हायड्रोजेलही चालते. महिन्याची लेन्स म्हणजे तीस वेळा वापरायची लेन्स नव्हे. पाकीट फोडल्यापासून तीस दिवस, मग ती डबीत पडून का असेना. वर्षाची लेन्स आता घेऊच नये असे आमचे मत आहे. ती पातळ मिळाली तरी वर्षभराची घाण तिच्यात साठते, आणि त्यावर कुठलेही सोल्यूशन पुरे पडत नाही.

मी नर्स आहे. रात्रपाळीत मध्येच तासभर पडायला मिळते, कधी घरी येऊन तशीच झोपते. माझी लेन्स लोट्राफिल्कॉन बी ची आहे, ‘डोळ्यांवर ठेवून झोपता येते’ असे सांगूनच दिली होती. तरी काढावी का? – वाचक, मिरज

काढावी.

झोपेत पापणी बंद असते. हवा मिळत नाही. पापणीच्या आतल्या बाजूच्या रक्तवाहिन्यांतून येईल तेवढ्याच ऑक्सिजनवर कॉर्निया रात्र काढतो. लेन्स नसली तरी तो थोडा सुजतो. लेन्समुळे त्याहून जास्त सूज येऊ नये यासाठी होल्डन-मर्ट्झ यांचा आकडा ८७, हार्विट-बोनॅनो यांचा १२५. तुमच्या लेन्सचा डीके ११० आणि जाडी ०.०८, म्हणजे सुमारे १३८. ऑक्सिजनपुरते बोलायचे तर विक्रेता खोटे बोलला नाही.

पण डोळा जातो तो ऑक्सिजन कमी पडल्यामुळे नव्हे, जंतुसंसर्गामुळे. सिलिकॉन हायड्रोजेल १९९८-९९ च्या सुमारास बाजारात आले तेव्हा सगळ्यांना वाटले की ऑक्सिजन भरपूर मिळाला की रात्रीचा संसर्गही आटोक्यात येईल. ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या पाहणीचे आकडे २००८ मध्ये आले. दिवसा वापरून काढलेल्या साध्या सॉफ्ट लेन्समध्ये कॉर्नियाचा संसर्ग दर १०,००० जणांमागे वर्षाला सुमारे २. लेन्स घालून झोपणाऱ्यांत साध्या हायड्रोजेलला सुमारे २०, सिलिकॉनला सुमारे २५. पदार्थ बदलूनही रात्रीचा धोका हलला नाही. कारण बंद पापणीखाली अश्रू वाहत नाहीत, लेन्सखालचा मळ धुऊन जात नाही, आणि लेन्सवर बसलेल्या जंतूंना रात्रभर उबदार जागा मिळते. तुम्ही तर वॉर्डातून येता. हातावर येणारे जंतू घरातल्यापेक्षा चिवट असतात.

पाळीला जाताना खिशात चष्मा ठेवा. पडायच्या आधी हात साबणाने धुवा, कोरडे करा, लेन्स काढा. रोज टाकायच्या असतील तर सरळ कचऱ्यात; सोल्यूशन-डबी वॉर्डात न्यायलाच नको. चुकून झोप लागलीच तर उठल्यावर घाईने लेन्स ओढू नका. लेन्सवर चालणारे थेंब दोन-तीन टाका, पाच मिनिटे थांबा, लेन्स बुबुळावर हलते आहे हे पाहून मग काढा, आणि त्या दिवशी चष्माच लावा. डोळा लाल, उजेड सहन होत नाही, दुखते आणि नजर धूसर, हे एकत्र आले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. लेन्स व डबी बरोबर न्या. जंतू कुठला ते तपासायला उपयोगी पडते. घरात उरलेले स्टिरॉइडचे थेंब टाकून बघू नका. डोळ्यात फूल पडते ते बऱ्याचदा अशाच दोन-चार दिवसांच्या दिरंगाईत.

द्राक्षबागेत फवारणी असते. गॉगल घामाने धुरकट होतो म्हणून चष्म्याऐवजी लेन्स घालून फवारतो. कुठल्या पदार्थाची लेन्स औषध कमी शोषते? – वाचक, तासगाव

या कामाला कुठलीच नाही. सॉफ्ट लेन्स पाणी धरते, म्हणजे पाण्यात विरघळलेले औषधही धरते. जास्त पाण्याची लेन्स जास्त धरेल. पण सिलिकॉनची घेतलीत तर तेलकट द्रावकात कालवलेली औषधे तिच्यात मुरतील. डोळ्यात गेलेला थेंब अश्रूंनी काही मिनिटांत पातळ होतो. लेन्समध्ये शिरलेला थेंब तासन्‌तास कॉर्नियाला टेकून राहतो. फवारणीला नंबराचा चष्मा आणि त्यावर कडेने बंद होणारा, वाफ जायला आडोशाची छिद्रे असलेला गॉगल. धुरकटतो खरा, दर दोन ओळींनी थांबून पुसावा लागतो.

बोर्डो मिश्रणाचा वेगळा इशारा. त्यात चुना आहे. चुना आम्लापेक्षा वाईट, कारण तो कॉर्नियात खोल शिरत जातो. डोळ्यात उडाला तर तिथल्या तिथे, बागेत जे स्वच्छ पाणी असेल त्याने, पापण्या बोटांनी फाकून किमान पंधरा-वीस मिनिटे सतत धुवा. लेन्स असेल तर धुता धुता निघाली तर काढा, पण तिच्यासाठी धुणे थांबवू नका. लेन्सला साधे पाणी लावू नये हा नियम इथे बाजूला ठेवायचा. पापणीखाली चुन्याचा कण अडकला नाही ना ते डॉक्टरांकडून पापणी उलटवून पाहून घ्या, आणि जाताना औषधाचे लेबल न्या. ती लेन्स पुन्हा वापरायची नाही.

साध्या लेन्सवरून सिलिकॉनवर आलो. सोल्यूशन जुनेच. आता लेन्स घातल्यावर दोनेक तासांनी डोळे चुरचुरतात, संध्याकाळी बरे वाटते. मित्र म्हणतो मेडिकलमधली सलाईनची बाटली आण, त्यात कसली रसायनेच नाहीत. – वाचक, कराड

घातल्यावर दोन ते चार तासांत चुरचुर आणि नंतर उतार, ही खूण लेन्सपेक्षा सोल्यूशनकडे बोट दाखवते. बहुउपयोगी सोल्यूशनमध्ये जंतू मारणारे एक रसायन असते. बऱ्याच ब्रँडांत ते पीएचएमबी, काहींत पॉलिक्वाड. रात्रभरात लेन्स ते थोडे शोषते आणि सकाळी डोळ्यावर सोडते. कुठला पदार्थ किती शोषतो यात फार फरक आहे. पीएचएमबी आणि काही सिलिकॉन हायड्रोजेल यांचे जमत नाही. तपासणीत कॉर्नियावर बारीक ठिपके दिसतात. तेच सोल्यूशन साध्या लेन्सला वर्षानुवर्षे बिनबोभाट चालले असेल. त्यामुळे ‘सिलिकॉन मला मानवत नाही’ असे ठरवण्याआधी सोल्यूशन बदलून बघा. बाटलीवर कुठले रसायन आहे ते वाचा, दुसऱ्या गटातले घ्या, नवी डबी आणि नवी लेन्स घ्या. जुनी लेन्स ते रसायन पिऊन बसलेली असते, तिच्यावर नवे सोल्यूशन तपासण्यात अर्थ नाही.

दुसरा मार्ग हायड्रोजन पेरॉक्साइडचा. ३ टक्के द्रावण, सोबत प्लॅटिनमचा मुलामा दिलेली चकती असलेली उभी डबी. चकतीवर बुडबुडे येऊन पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन होतो. सहा तास पूर्ण द्यायचे. घाईत वेळेआधीच लेन्स काढून घातली तर डोळा असा पेटतो की माणूस ओरडतो. हे द्रावण सपाट डबीत ओतायचे नाही, थेट डोळ्यात टाकायचे नाही; बाटलीचे लाल टोपण त्यासाठीच असते. नव्या बाटलीबरोबर नवी डबी येते ती वापरा, चकती कायमची नसते. आणि सहा तासांनंतर डबीत उरते ते फक्त खारट पाणी. त्यात आठवडाभर पडलेली लेन्स घालण्याआधी पुन्हा एक फेरी करायची.

मित्राला सांगा, सलाईनमध्ये रसायन नाही हाच तिचा दोष. ०.९ टक्के मीठ, बस. ती लेन्स ओली ठेवते, निर्जंतुक करत नाही. आणि सुई खुपसलेली बाटली पहिल्या दिवसानंतर स्वतःही निर्जंतुक राहत नाही.

जाता जाता: पाकिटावर ‘चोळायची गरज नाही’ लिहिलेले असले तरी चोळाच. तळहातावर लेन्स, तीन-चार थेंब, प्रत्येक बाजू २० सेकंद, मग सोल्यूशनच्या धारेने धुणे. कालच्या सोल्यूशनमध्ये आजची भर घालू नका. एका सोल्यूशनमुळे बुरशीचा संसर्ग पसरून २००६ मध्ये ते जगभरातून मागे घ्यावे लागले. तेव्हाच्या तपासात अशी भर घालण्याची सवयही पुढे आली. डबी रोज ओतून, सोल्यूशनने विसळून, टिश्यूवर पालथी वाळवा. तीन महिन्यांनी फेकून द्या.

दोन आठवड्यांत लेन्सवर पांढुरकी साय धरते. मैत्रिणीची तीच कंपनी, तिची महिनाभर स्वच्छ. हळदीच्या अडतीत काम करते, काजळ रोज. – वाचक, सांगली

अश्रू प्रत्येकाचे वेगळे, म्हणून मैत्रिणीशी तुलना नको. साय दोन प्रकारची असते. अश्रूंत लायसोझाइम नावाचे प्रथिन असते, त्यावर धन विद्युतभार असतो. एटाफिल्कॉन किंवा ओक्युफिल्कॉनसारख्या जास्त पाण्याच्या, ऋणभारित पदार्थांकडे ते ओढले जाते. त्यामुळे साध्या हायड्रोजेल लेन्सचे गट पाडताना दोनच गोष्टी बघतात: पाणी ५० टक्क्यांच्या वर की खाली, आणि पदार्थ भारित की नाही. पहिला गट कमी पाणी, भाररहित. दुसरा जास्त पाणी, भाररहित. तिसरा कमी पाणी, भारित. चौथा जास्त पाणी, भारित. प्रथिने सगळ्यात जास्त चौथ्यात. गंमत अशी, की चौथ्या गटातल्या लेन्सवर बसलेले लायसोझाइम बरेचसे मूळ स्थितीत राहते आणि तितकेसे त्रास देत नाही. प्रमाण कमी असूनही प्रथिन बिघडले की पापणीच्या आत खाज आणि दाणे येतात.

सिलिकॉनवर प्रथिन कमी, चरबी जास्त. ती लेन्सवर चकचकीत, तेलकट डागांसारखी दिसते, बोटाने पुसता येते आणि पुन्हा येते. पापण्यांच्या कडेच्या ग्रंथी तुंबलेल्या असतील किंवा काजळ आतल्या कडेला भरत असाल तर हमखास. काजळ पापणीच्या आतल्या ओल्या कडेला लावायचे बंद करा, लेन्स आधी घाला मग काजळ. रोज सकाळी गरम पाण्यात पिळलेले स्वच्छ फडके मिटल्या डोळ्यांवर पाच मिनिटे ठेवा.

तुमच्या कामाला रोज टाकायची लेन्सच योग्य. हळदीची धूळ लेन्सखाली गेली की टोचते, आणि पिवळा रंग लागला की निघत नाही. दोन आठवड्यांची साय हा प्रश्नच मग उरत नाही.

हौशी नाट्यसंस्थेत आहे. एका भूमिकेला घारे डोळे हवेत. संस्थेकडे जुनी रंगीत लेन्सची जोडी आहे, आधीच्या नटाने वापरलेली. उकळून घेतली तर? – वाचक, सांगली

१८४३ पासून नाटक मुरलेल्या गावातून आलेल्या प्रश्नाला नाही म्हणणे जड जाते, पण नाही. दुसऱ्याची लेन्स कुठल्याही उपायाने आपली होत नाही. रंगीत लेन्स बहुतेक हेमा जातीच्या, रंगाच्या थरामुळे जाड आणि बऱ्याचदा सुमारे ५५ टक्के पाण्याच्या असतात. उकळल्याने असा पदार्थ पिवळट पडतो, आकार बदलतो.

तुमच्या मापाची नवी जोडी घ्या. नंबर शून्य असला तरी कॉर्नियाची वक्रता मोजून घ्यावीच लागते. रंगाचा थर पदार्थाच्या आत दाबलेला आहे की वर छापलेला, हे विचारा. वरचा खरखरीत असतो, पापणीला घासतो. तालमीत एकदा पूर्ण अंधार करून चालून बघा: रंगीत लेन्सच्या मध्ये पाच मिमीच्या आसपास स्वच्छ गोल असतो, अंधारात बाहुली त्याहून मोठी होते आणि कडेने धुरकट कडे दिसते. ब्लॅकआउटमध्ये पायरी चुकते ती यामुळे. केसांचा फवारा आधी, मग हात धुऊन लेन्स, मग रंगभूषा. रंग पुसायच्या आधी लेन्स बाहेर. सलग चार तासांच्या वर नको. मधले प्रवेश धरून नाटक बसते तेवढ्यात.

वय ४६, पहिल्यांदाच लेन्स. दुकानातली पातळ लेन्स बोटावर उभीच राहत नाही, सुरळी होते. ताठ असलेली मिळते का? – वाचक, वाई

मिळते. ताठपणा मेगापास्कलमध्ये मोजतात. एटाफिल्कॉन ०.३, साधी हेमा ०.५ च्या आसपास, सेनोफिल्कॉन ०.७, लोट्राफिल्कॉन बी १ च्या आसपास. पहिल्या पिढीतला लोट्राफिल्कॉन ए दीडच्या जवळ. पाणी फक्त २४ टक्के. जितकी ताठ तितकी हाताळायला सोपी, पण वरच्या पापणीखाली कॉर्नियावर कमानीसारखा ओरखडा किंवा पापणीच्या आत दाणे येण्याचा संभव जास्त. तुम्हाला ०.७ ते १ च्या मधली सुचवू.

पातळ लेन्सच घ्यावी लागली तर युक्ती अशी: बोट अगदी कोरडे, लेन्स टोकावर ठेवून अर्धा मिनिट हवेत धरा. थोडे पाणी उडाले की ती वाटीसारखी उभी राहते. उलटी-सुलटी ओळखायला लेन्स चिमटीत हलकेच दाबा. कडा आत वळल्या तर सुलटी, बाहेर मुरडून बोटाला चिकटल्या तर उलटी. ताठ लेन्स उलटी घातली तर लगेच टोचते, मऊ लेन्स दिवसभर नुसती सरकत राहते आणि माणूस नंबराला दोष देतो.

कुस्तीच्या तालमीत लेन्स चालेल का? नंबर मायनस चार. – वाचक, विटा

कुस्तीला फक्त सॉफ्ट, आणि फक्त रोज टाकायची. हौद्याच्या मातीत ताक, तेल, हळद मिसळलेली असते. तेल सिलिकॉनवर बसते. मातीत आणि साध्या पाण्यात अकांथअमीबा हा जीव असतो, तो कॉर्नियात शिरला तर महिनोन्‌महिने उपचार चालतात. तालीम संपली की आंघोळीच्या आधी लेन्स काढून टाका. कृष्णेत पोहतानाही हाच नियम: लेन्स घालून पाण्यात नाही.

चष्मा मायनस आठ आहे, लेन्स सव्वासातची दिली. फसवले का? – वाचक, फलटण

नाही. चष्मा डोळ्यापासून सुमारे १२ मिमी दूर असतो, लेन्स डोळ्यावरच. आठला ०.०१२ मीटरने गुणून एक मिळवा, १.०९६ येतात; आठ भागिले १.०९६ बरोबर ७.३, जवळचे माप ७.२५. चारच्या खाली हा फरक जाणवत नाही.

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांचे काम, रोज दुचाकी. दुपारपर्यंत लेन्स कोरडी पडून चिकटते. लेन्स ५८ टक्के पाण्याची आहे, म्हणजे अजून जास्त पाण्याची घेऊ का? – वाचक, सातारा

उलट करा. जास्त पाण्याची लेन्स वाऱ्यात जास्त पाणी गमावते, आकसते आणि बुबुळावर घट्ट बसते. कमी पाण्याची सिलिकॉन हायड्रोजेल, जिच्या पदार्थातच ओलावा धरणारा पीव्हीपी मिसळला आहे अशी, किंवा सिलिकॉन नको असेल तर ओमाफिल्कॉन ए. त्यात ६० टक्क्यांच्या आसपास पाणी असूनही पेशींच्या आवरणासारखा एक घटक असल्याने ते तितके उडत नाही. हेल्मेटची काच पूर्ण खाली. वर यंत्राकडे टक लावून बघताना पापण्या अर्ध्याच मिटतात. मुद्दाम पूर्ण मिटा. चिकटलेली लेन्स नखाने सोडवू नका, थेंब टाकून थांबा. थेंब लेन्सवर चालणारे आणि बेन्झाल्कोनियम क्लोराइड नसलेले हवेत. ते रसायन लेन्समध्ये साठत जाते. असले औषध डॉक्टरांनीच दिले असेल तर लेन्स काढून टाका आणि पुन्हा घालायला किमान पंधरा मिनिटे जाऊ द्या.